बाहेर पडू देणारी संकेतस्थळे

काही नवे शिकावे किंवा डोक्याला जरा चालना मिळावी म्हणून संकेतस्थळे शोधू लागले की आधी हाती लागतात त्या याद्या, त्याही ‘ही पन्नास संकेतस्थळे तुम्हाला माहीत असायलाच हवीत’ अशा थाटाच्या. बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि यादी करणाऱ्याने त्या स्थळावर तासभर तरी घालवला असेल का, अशी शंका ओळीगणिक येत राहते. म्हणून येथे मोजकीच स्थळे परीक्षणासाठी घेतली आहेत आणि त्या सर्वांना एकच प्रश्न विचारला आहे. हे स्थळ वाचकाला आपल्यापाशीच धरून ठेवते, की काहीतरी हातात देऊन पुढच्या वाटेला लावते? स्थळ किती देखणे आहे किंवा त्यावर किती मजकूर आहे, यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावरून त्याची पारख अधिक लवकर होते, असे माझे मत आहे.

या परीक्षेत सर्वांत स्वच्छ उत्तीर्ण होते ते नासाचे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’, म्हणजेच आकाशप्रेमींच्या तोंडी रुळलेले ‘एपॉड’. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १६ जून १९९५ रोजी ते सुरू केले. रोज एक चित्र आणि त्याखाली एका परिच्छेदाचा खुलासा हा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे. पानाची मांडणीही जवळपास त्याच काळातली राहिली आहे; वर तारीख, मध्ये चित्र, खाली मजकूर आणि तळाशी उद्याच्या चित्राविषयी एक-दोन शब्दांची सूचना. पहिल्यांदा येणाऱ्याला हे स्थळ कोणीतरी सोडून दिले असावे असे वाटण्याचा संभव आहे. मात्र खरी गंमत त्या छोट्या परिच्छेदात दडलेली असते. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य दोन-तीन लिंकांनी विणलेले असते; तेजोमेघाच्या नावावर क्लिक केले तर त्याची सविस्तर माहिती उघडते, त्यातल्या धुळीच्या उल्लेखामागे एखादा शोधनिबंध असतो, तर एखाद्या अगदी साध्या शब्दामागे लेखकांनी केलेली निव्वळ थट्टा निघते. परिच्छेद वाचायला दोन मिनिटे पुरतात, पण त्यातल्या लिंका धरून निघालेला वाचक कुठे जाऊन पोचेल याचा नेम नाही.

काही चित्रांवर माउसचा बाण नेला की त्यावर तारकासमूहांच्या रेषा आणि ताऱ्यांची नावे उमटतात. नुसत्या ठिपक्यांच्या गर्दीतून आकार ओळखायला शिकण्याचा इतका सोपा मार्ग माझ्या पाहण्यात दुसरा नाही. फोनवर मात्र ही सोय नीट चालत नाही. एपॉडच्या उणिवाही सांगायला हव्यात. लिंक कोणत्या पातळीवरच्या मजकुराकडे नेणार आहे, हे आधी कळत नाही, त्यामुळे शाळकरी मुलाला एकाच वाक्यातून सोप्या लेखाकडेही जाता येते आणि समीकरणांनी भरलेल्या निबंधावरही आपटावे लागते. शिवाय स्थळ नासाचे असले तरी त्यावरची सगळी चित्रे नासाची नसतात. अनेक चित्रे हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या मालकीची असतात, तेव्हा ती उचलून आपल्या पुस्तकात छापण्यापूर्वी खालची श्रेय-ओळ वाचणे भाग आहे.

दुसरे स्थळ दिसायला याहूनही रूक्ष आहे. ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’ हा पूर्णांकांच्या क्रमिकांचा, म्हणजे एखाद्या नियमाने एकापुढे एक येणाऱ्या संख्यांच्या मालिकांचा, कोश आहे. गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, विद्यार्थी असताना, अशा क्रमिका कार्डांवर टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्याची पुस्तके झाली आणि १९९६ मध्ये तो संग्रह इंटरनेटवर आला. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. हे कोणाच्या उपयोगाचे, असा प्रश्न पडेल, म्हणून एक उदाहरण घेऊ. कंसांच्या तीन जोड्या, उघडलेला प्रत्येक कंस योग्य जागी बंद होईल अशा बेताने, किती प्रकारे लिहिता येतात? कागदावर मांडून पाहिले तर उत्तर ५ येते. चार जोड्यांसाठी थोडी चिकाटी धरावी लागते आणि उत्तर १४ येते. आता शून्य जोड्यांपासून चार जोड्यांपर्यंतची उत्तरे, म्हणजे १, १, २, ५, १४ एवढे आकडे, शोधचौकटीत टाकले की कोश कॅटलन संख्यांचे पान पुढे ठेवतो, पुढचा आकडा ४२ असल्याचे दाखवतो आणि त्याच पानावर सांगतो की बहिर्वक्र बहुभुजाकृतीचे, एकमेकांना न छेदणाऱ्या कर्णांनी त्रिकोणांत तुकडे करण्याचे प्रकारही याच आकड्यांनी मोजले जातात. पंचकोनासाठी ५, षट्कोनासाठी १४, सप्तकोनासाठी ४२. कंस आणि षट्कोन यांचा परस्परांशी काय संबंध, हा प्रश्न त्या क्षणी वाचकाच्या डोक्यात आपोआप उभा राहतो, आणि तो सोडवायचा असेल तर त्याच पानावर पुस्तकांची, निबंधांची आणि इतर स्थळांची लांबलचक सूची असते. पानाच्या वरच्या भागात क्रमिकेचा आलेख पाहण्याची आणि ती सुरांत ऐकण्याचीही सोय आहे. ऐकण्याचा गणिताला उपयोग फारसा नसावा, पण वाढत जाणाऱ्या क्रमिकेचा स्वभाव कानाला पटकन कळतो.

या कोशाची भाषा अतिशय आखडती आहे. टिपांमध्ये संक्षेपांची रेलचेल असते, एका सूत्रानंतर कसलीही प्रस्तावना न करता दुसरे सूत्र येते आणि नवख्याला हात धरून नेणारे कोणी नसते. तरीही प्रश्न स्वतः तयार करून, त्याचे पहिले चार-पाच आकडे स्वतः मोजून इथे येण्याची सवय लागली, तर गणिताच्या अनेक शिकवण्यांतून जे मिळत नाही ते इथे मिळते.

आता या परीक्षणातले माझे सर्वांत आवडते स्थळ. बार्टोश चेखानोव्स्की हे आपल्या स्थळावर वर्षाकाठी फार तर काही मोजकेच लेख प्रसिद्ध करतात, परंतु प्रत्येक लेख म्हणजे वाचकाच्या बोटांखाली चालणारी प्रयोगशाळा असते. २०२२ मध्ये आलेला यांत्रिक घड्याळावरचा लेख हा त्याचा उत्तम नमुना आहे. घड्याळ कसे चालते, हे सांगणाऱ्या लेखांचा तोटा नाही. बहुतेकांत सुटे भाग दाखवणारी एक आकृती आणि तिच्याभोवती बाणांचे जंजाळ असते. इथे आरंभ होतो तो गुंडाळलेल्या स्प्रिंगपासून. ती स्प्रिंग सुटू दिली तर घड्याळ क्षणार्धात भर्रकन संपून जाईल, तेव्हा तिला थोडे-थोडे कसे सोडायचे हा खरा प्रश्न आहे, हे आधी वाचकाला जाणवू दिले जाते, आणि त्यानंतरच दातेरी चाके, त्यांना थोडे-थोडे सोडणारी एस्केपमेंट ही यंत्रणा आणि मागेपुढे झुलणारे बॅलन्स व्हील हे चाक एकामागोमाग एक आकृतीत येत जातात. प्रत्येक आकृती बोटाने फिरवून मागून, खालून, तिरकी पाहता येते. स्लायडर सरकवून हालचाल हवी तितकी संथ करता येते. मजकुरात एखाद्या भागाचा उल्लेख ज्या रंगात छापलेला असतो, त्याच रंगात तो भाग आकृतीत असतो, त्यामुळे ‘आकृतीतला अ पाहा, मग ब पाहा’ अशी डोळ्यांची धावपळ होत नाही.

एस्केपमेंटचा भाग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. एस्केप व्हील या दातेरी चाकाचा एक दात पॅलेट फोर्क या दुटोकी काट्याच्या टोकाला अडतो. बॅलन्स व्हील झुलत येऊन फोर्कला धक्का देते, दात सुटतो, सुटता सुटता फोर्कमार्फत बॅलन्स व्हीलला एक हलका रेटा देऊन जातो आणि लगेच दुसऱ्या बाजूला पुढचा दात अडकतो. घड्याळाची टिकटिक म्हणजे या अडकण्या-सुटण्याचाच आवाज. आजच्या अनेक मनगटी यांत्रिक घड्याळांत हे सेकंदाला ८ वेळा, म्हणजे तासाला २८,८०० वेळा घडते, त्यामुळे प्रत्यक्ष घड्याळ उघडून पाहिले तरी डोळ्याला काही सापडत नाही. स्लायडरने तोच क्षण पुन्हा पुन्हा मागेपुढे नेता येतो आणि वाक्यातला ‘हलका रेटा’ नेमका कोणत्या तिरक्या पृष्ठभागावरून मिळतो ते दिसते. शिकवण्यातली ही पायरी शब्दांनी गाठणे जवळजवळ अशक्य आहे. लेखाच्या शेवटी पुढे काय पाहावे आणि काय वाचावे हेही लेखक सांगतो. स्थळावर जाहिराती नाहीत, खाते उघडण्याची गळ नाही. लेख मोठे असतात आणि एका बैठकीत संपवण्याचा आग्रह धरला तर शेवटचा एक-तृतीयांश भाग वरवर वाचला जातो. दोन-तीन बैठकांत विभागून वाचणे श्रेयस्कर. जुन्या फोनवर आकृत्या अडखळण्याची शक्यता असते.

शाळकरी वयासाठी याच जातीचे, परंतु शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले स्थळ म्हणजे ‘फेट’. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील आवारात हा प्रकल्प सुरू केला. विजेच्या मंडलाचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा आभासी प्रयोग, घ्या. बॅटरी, तार आणि दिवा ओढून जोडला की तारेतून निळे इलेक्ट्रॉन चालू लागतात, आणि दिवा वगळून बॅटरीची दोन्ही टोके थेट तारेने जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात. मुले पहिल्या पाच मिनिटांत मुद्दाम ज्वाळाच काढतात, आणि शॉर्टसर्किट त्यांना तिथेच कळते. अनेक सिम्युलेशन मराठीतही उपलब्ध आहेत. काही ठिकाणी भाषांतर अवघडलेले वाटते, पण बटणांवरचा मजकूर मुळातच थोडा असल्याने अडत नाही.

संपूर्ण अभ्यासक्रम हवा असणाऱ्यांसाठी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचे ‘ओपनकोर्सवेअर’ आहे. त्याची घोषणा २००१ मध्ये झाली, आज त्यावर अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रमांचे साहित्य आहे आणि नाव न नोंदवताही ते वापरता येते. तिथे गणित शिकवलेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्याने कोणीही निःशंकपणे सुरू करावीत. प्रमाणपत्रे, पदके आणि सलग हजेरीचे आकडे दाखवून शिकणाऱ्याला बांधून ठेवणाऱ्या इतर मंचांविषयी येथे लिहिण्याजोगे मला फारसे सापडले नाही.

ही स्थळे आधी सापडावीत कशी, हा प्रश्न उरतोच. एके काळी त्यासाठी ‘स्टंबलअपॉन’ होते. एक बटण दाबले की आवडीच्या विषयातले कोणते तरी अनोळखी पान समोर येई. २००१ मध्ये सुरू झालेली ती सेवा ३० जून २०१८ रोजी बंद झाली. माणसांनी विषयवार लावलेली ‘डीमॉझ’ ही प्रचंड निर्देशिका त्याआधी, मार्च २०१७ मध्ये बंद पडली होती. आज त्या जागेच्या जवळपास जाणारे एक साधन म्हणजे २०२१ पासून चालू असलेला ‘मार्जिनेलिया’ हा स्वीडनमधील छोटा शोधमंच. भरपूर मजकूर आणि कमी सजावट असलेल्या पानांना तो झुकते माप देतो, त्यामुळे मोठ्या शोधमंचांवर खाली दबलेली वैयक्तिक पाने इथे वर येतात. विशिष्ट प्रश्नाचे झटपट उत्तर हवे असेल तर तो निरुपयोगी आहे आणि त्याचा मुख्य भर इंग्रजी पानांवर आहे. पण ‘होकायंत्र’ किंवा ‘पुस्तकबांधणी’ अशा एखाद्या विषयाचा इंग्रजी शब्द टाकून वाट्टेल ते येऊ द्यावे, अशा वृत्तीने गेल्यास हाती बरेच लागते. चित्रांची आवड असणाऱ्यांनी २०११ पासून चालणारे ‘पब्लिक डोमेन रिव्ह्यू’ पाहावे. स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली जुनी चित्रे, नकाशे आणि ग्रंथ तिथे निवडून मांडलेले असतात. मला विशेष वाटते ते हे की मूळ वस्तू कोणत्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहाच्या संकेतस्थळावरून आली आणि तिच्या वापरावर कोणते निर्बंध आहेत, हे ते स्थळ नेमके सांगते. त्या दुव्यावरून मूळ संग्रहात शिरले की निवडीबाहेर राहिलेले असंख्य नमुने पाहता येतात.

बाहेर नेणाऱ्या स्थळांचा एक अंगभूत दोष असा की बाहेरची पाने टिकत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. एपॉडच्या नव्वदच्या दशकातल्या पानांवर हे वारंवार अनुभवास येते. तेव्हा मृत लिंकेचा पत्ता उचलून इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये टाकावा. २००१ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहात १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती आहेत आणि तारीख निवडून त्या पाहता येतात. आपल्याला आवडलेले पान तिथे स्वतः जतन करून ठेवण्याचीही सोय आहे. त्यावरच सर्वस्वी विसंबू नये, कारण ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर हा संग्रहच काही दिवस बंद होता. शिवाय साधा मजकूर आणि चित्रे तिथे चांगली टिकतात, पण बोटाने हलवायच्या आकृत्या जतन केलेल्या प्रतीत दर वेळी चालतीलच असे नाही. फेटची सिम्युलेशन मात्र फाइल म्हणून डाउनलोड करून घेता येतात आणि इंटरनेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतात, तेव्हा वर्गात वापरायची असतील तर ती आधीच उतरवून ठेवावीत.