मोकाट कुत्री आणि सायकल: नऊ महिने वापरलेली साधनं, काय टिकलं आणि काय कपाटात गेलं

वापर कुठे झाला ते आधी. सायकलसाठी पुण्याच्या दक्षिणेकडचे रस्ते: कात्रज, बोपदेव घाट, सासवड, खडकवासला ते पानशेत. पळण्यासाठी तळजाई आणि वेताळ टेकडी. वेळ पहाटे पाच ते साडेसात. जून ते फेब्रुवारी, म्हणजे पावसाळा, भादवा आणि थंडी तिन्ही ऋतू यात आले. कुत्री लांब ठेवायची साधनं सहा: अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं) यंत्र, हवेचा हॉर्न, शिट्टी, पाण्याची बाटली, काठी आणि पेपर स्प्रे. सगळ्यात जास्त पैसे यंत्रावर गेले आणि सगळ्यात जास्त काम ब्रेकने केलं.

अल्ट्रासॉनिक यंत्रापासून सुरुवात करतो, कारण प्रश्न त्याचेच जास्त येतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ च्या आसपासपर्यंत. ही यंत्रं बहुतेक २० ते २५ च्या पट्ट्यात वाजतात. खोक्यावर पंधरा मीटरचा पल्ला छापलेला असतो. उघड्या रस्त्यावर परिणाम दिसतो तो चार-पाच मीटरच्या आत, तोही यंत्राचं तोंड नेमकं कुत्र्याकडे असेल तर. इतका बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, आजूबाजूला फारसा पसरत नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून हँडलला पट्ट्याने बांधायची कल्पना फसते: यंत्र पुढे बघत असतं आणि कुत्रा येतो बाजूने, मागच्या चाकाकडे. मनगटाला दोरीने लटकवलेलं यंत्र बरं, पण मग एक हात ब्रेकवरून उठतो.

कुठल्या कुत्र्यावर चालतं, हा खरा मुद्दा. कुतूहलाने उठून चार पावलं येणारा, जागच्या जागी भुंकणारा कुत्रा बटण दाबताच कान मागे टाकून थबकतो, कधी मान झटकतो. ज्याने धाव घेतलीच आहे, त्याच्यावर फरक पडत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांना कमी ऐकू येतं, त्यांना तर काहीच कळत नाही. रोज त्याच कोपऱ्यावर त्याच टोळीवर वाजवलं की काही आठवड्यांत ती टोळी सरावते. झोपलेल्या कुत्र्यांवर वाजवणं हा तर शुद्ध मूर्खपणा, ती जागी होतात.

दुसरी अडचण बॅटरीची. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. साधी स्वस्त बॅटरी घातली तर लाल दिवा लागतो, पण आवाजाचा जोर गेलेला असतो. आपल्याला तो आवाज ऐकूच येत नाही, त्यामुळे यंत्र मेलंय हे कळायला मार्ग नाही. अल्कलाइनच घ्या आणि तीन महिन्यांनी बदला. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप टाकून तपासता येतं, पण फोन साधारण २२ ते २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज टिपतो. यंत्र २५ वर वाजत असेल तर आलेख कोराच दिसेल, म्हणून ते बिघडलं असं नाही. पावसाळ्यात जाळीत पाणी शिरलं की आवाज दबतो. यंत्र उलटं धरून झटकायचं आणि रात्रभर तांदळाच्या डब्यात नाही, पंख्याखाली ठेवायचं. चार्जिंगवाल्या प्रकारात रबरी झाकण सैल होतं आणि त्या फटीतून घाम आत जातो. तो प्रकार टाळा.

हवेचा हॉर्न (सायकलच्या पंपाने बाटलीत हवा भरायची असते तो) कुत्र्याला दचकवतो खरा, पण टोळी असेल तर एक दचकतो आणि चार उठतात. पहाटे साडेपाचला वस्तीतून वाजवलात तर कुत्र्यांपेक्षा माणसंच आधी अंगावर येतील. घाटात वळणावर ट्रकसाठी उपयोगी, म्हणून सायकलवर ठेवलाय. शिट्टीचा कुत्र्यावर परिणाम जवळजवळ नाही. बंगल्याच्या फाटकातून सुटलेलं पाळीव कुत्रं असेल, तर वॉचमन किंवा मालक बाहेर येतो, एवढाच फायदा. आत गोळी नसलेली शिट्टी घ्या, गोळीवाली थुंकीने अडकते.

आता पाण्याची बाटली. दाबली की चिळकांडी उडणारी नेहमीची सायकलची बाटली, ७५० मिलीची. दोन-अडीच मीटरवरून तोंडावर फवारा बसला की धावणारा कुत्रासुद्धा एक-दोन सेकंद थांबतो, आणि तेवढ्या वेळात उतरता येतं. अटी तीन. बाटली निम्म्याहून जास्त भरलेली हवी, रिकामी होत आली की नुसती हवा फुसकते. तोंडाचा व्हॉल्व्ह ओढून उघडाच ठेवायचा, दातांनी उघडायला वेळ मिळत नाही. आणि पाणी साधं हवं. इलेक्ट्रोलाइट घातलेलं गोडसर पाणी उडवलं तर ते नंतर फ्रेमवर चिकटतं आणि मुंग्या लागतात. स्टीलची किंवा झाकण फिरवायची बाटली या कामाला बाद. दोन बाटल्या असतील तर पुढच्या नळीवरची साध्या पाण्यासाठी ठेवा, हात तिथे लवकर जातो.

पण बाटली काढायच्याही आधी वेग कमी करा. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला सायकल सेकंदाला ७ मीटर जाते. पंधरा मीटरवर उठलेला कुत्रा वाटेत गाठायला तिरपा येतो आणि हातात जेमतेम दोन सेकंद उरतात. चपळ गावठी कुत्र्याला थोड्या अंतरात तुमच्यापेक्षा वेगाने पळणं जड नाही. कारवानी (वेगवान शिकारी जात) किंवा त्याचा संकर असेल तर शर्यतीचा विचारच सोडा. पळून सुटलो असं वाटतं, तेव्हा बहुधा त्याची हद्द संपलेली असते.

गंभीर दुखापत बहुतेक चाव्यापेक्षा पडल्याने होते. कुत्रा पुढच्या चाकात येतो, किंवा त्याला चुकवायला आपण झटक्यात उजवीकडे वळतो आणि मागून गाडी येत असते. म्हणून क्रम असा बसवा. दोन्ही हात ब्रेकवर, पेडल मारणं बंद, सायकल सरळ रेषेत, मागचा ब्रेक आधी आणि पुढचा त्याच्या जोडीला. पेडलला अडकणारे क्लिपवाले बूट असतील तर कुत्र्याच्या विरुद्ध बाजूचा पाय आधी सोडवा. सवयीने बहुतेक जण एकच पाय सोडवतात, तेव्हा दुसऱ्याचाही सराव घरासमोर करून ठेवा. त्याच विरुद्ध बाजूला उतरा, म्हणजे सायकल आपोआप मधे येते. एक हात हँडलवर, एक सीटवर. कुत्रा गोल फिरला की सायकल त्याच्याबरोबर फिरवायची, चाकाने त्याला ढकलायचं नाही. मग चालत पुढे जायचं, पाठ न फिरवता. वीस-तीस पावलांत बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो. पळती वस्तू थांबली, तिला माणसाचा आकार आला, माणसाचा आवाज आला की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

लाथ मारू नका. पाय पेडलवरून उचलला की तोल जातो आणि नेमका तोच पाय तोंडासमोर जातो.

उतारावर हिशेब वेगळा. बोपदेवच्या उतरणीवर चाळीसच्या वेगात कुत्रा मागे लागला असेल तर थांबण्यापेक्षा सरळ जाणं सुरक्षित. पुढून आडवा येत असेल तर मात्र सरळ रेषेत ब्रेक, वळवून चुकवायचं नाही. चढावर पर्याय एकच, उतरा.

ओरडायचं काय, यालाही महत्त्व आहे. चिरका, लांबलेला आवाज कुत्र्याला आणखी पेटवतो. पोटातून एकच आखूड ‘हाड्!’ आणि मग गप्प. त्याहून परिणामकारक म्हणजे दगड उचलायला वाकण्याची नुसती नक्कल. गावठी कुत्र्याने ही हालचाल जन्मापासून पाहिलेली असते. गुडघ्यात वाकून हात जमिनीकडे गेला की तो दहा फूट मागे सरकतो, दगड असो वा नसो. पाळीव कुत्र्याला याचा अर्थच कळत नाही. लॅब्राडोरसमोर वाकलात तर तो तोंड चाटायला येईल, रॉटवायलरसमोर वाकू नका. आणि दगड खरोखर मारू नका, टोळी बिथरते.

भुंकणारा कुत्रा फारसा धोक्याचा नसतो. शेपटी वर, पुढच्या पायांवर उड्या, दोन पावलं पुढे आणि एक मागे, हा सगळा देखावा. डोकं खांद्याच्या खाली, शेपटी ताठ, आवाज नाही आणि सरळ रेषेत येतोय, हा चावणारा. त्याच्यासाठी बाटली हातात हवी.

पळणाऱ्यांकडे मधे घालायला सायकल नाही, पण थांबणं सोपं आहे. पळणं सोडून चाला, अंग थोडं तिरपं ठेवा, डोळ्यांत बघू नका, हात छातीशी घ्या. पन्नास-एक मीटर चाललं की पुन्हा सुरू करा. अंधारात हेडलॅम्पचा झोत थेट डोळ्यांवर पडला की भुंकणं वाढतं, तो पावलांवर झुकवा. इअरफोन निदान वस्तीच्या टप्प्यात काढा. मागून येणाऱ्या पंजांची टपटप ऐकू आली तर पाच सेकंद आधी कळतं. पावसाळ्यात फडफडणारा पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) घालू नका, घट्ट जाकीट बरं. सायकलवर तर पोंचोमागे कुत्री हमखास लागतात.

काठीबद्दल मत विभागलेलं राहिलं. सायकलवर पीव्हीसी पाइपचा अर्धा मीटरचा तुकडा वेल्क्रोने वरच्या नळीला बांधून पाहिला. खडखडतो, चिखलाने वेल्क्रोची पकड जाते आणि एका हाताने वेळेवर सुटत नाही. काढून टाकला. पळताना आणि टेकडीवर मात्र घडीची ट्रेकिंगची काठी उत्तम. बाहेरून खटका दाबून बसणारी घ्या, पिळून बसणारी घामाच्या हाताने नीट आवळली जात नाही आणि दाब पडला की आत सरकते. वापरायची ती जमिनीवर टक् करून आपटायला आणि आपल्या पुढे आडवी धरायला. डोक्यावर उगारलेली काठी टोळीला चेतवते. मारहाणीचा विचार असेल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ माहीत असू द्या.

पेपर स्प्रे कपाटात गेला. चालत्या सायकलवरून फवारा आपल्याच तोंडावर येतो आणि डोळे मिटले की उरलेलं काम रस्ता करतो. उभं राहून, वारा पाठीमागून असताना, दोन मीटरवर उपयोगी. एकट्याने टेकडीवर जाणाऱ्याने शेवटचा उपाय म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही, पण वैधतेची तारीख बघा, जुन्या डब्यातला दाब उतरतो.

बिस्किटांचाही प्रयोग झाला. ओळख होते, यात शंका नाही. पण मग ती कुत्री प्रत्येक सायकलमागे त्याच आशेने धावतात, आणि मागून येणाऱ्या बिचाऱ्याकडे बिस्किट नसतं. त्यापेक्षा रोज त्याच वेळी, वीस मीटर आधी वेग उतरवून, त्याच शब्दांत हाक मारत जाणं जास्त टिकलं. पंधरा दिवसांत ती मान वर करून बघतात आणि परत झोपतात.

ऋतूचा फरक मोठा आहे. भादव्यात एका मादीमागे सात-आठ नर असतात. ती टोळी रस्त्यात दिसली की वळसा घ्या, कुठलंही साधन काढू नका. पुढे थंडीत पिल्लं होतात, आणि कालपर्यंत गरीब असलेली कुत्री नाल्याच्या मोरीतून थेट पोटरीवर येते. दोन-तीन महिने त्या जागेच्या पलीकडच्या कडेने जा. दिवाळीनंतर सासवडच्या बाजूला मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. धनगरांची कुत्री काठीला, पाण्याला, वाकण्याला कशालाच भीत नाहीत, राखणं हेच त्यांचं काम. लांबूनच उतरा आणि ‘दादा, कुत्रं धरा’ अशी हाक द्या. त्यांच्या एका हाकेसरशी कुत्रं मागे फिरतं. कळपाच्या मधून मात्र कधी घुसू नका.

गटात जाताना पहिला सायकलवाला कुत्र्याला उठवतो आणि झळ दुसऱ्या-तिसऱ्याला लागते. पुढच्याने ‘कुत्रं, डावीकडे’ एवढं ओरडून सगळ्यांनी वेग उतरवायचा, पांगायचं नाही.

महापालिकेकडे तक्रार करताना जागा, वेळ, कुत्र्यांची संख्या आणि कानाला खाच आहे का, एवढं लिहा. खाच म्हणजे नसबंदी झालेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी करून कुत्रा त्याच जागी परत सोडतात, म्हणून ‘उचलून न्या’ एवढ्याच तक्रारीवर काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना परत सोडण्यातून वगळलं आहे. तेव्हा अंगावर येण्याचा व्हिडिओ असेल तर तो जोडाच.

चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. दोन मिनिटांत हात थकतो आणि लोक थांबतात. त्यासाठी सीटखालच्या पिशवीत साबणाचा तुकडा ठेवलाय, पंक्चर किटच्या शेजारी. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट काही नाही, घट्ट पट्टी नाही. त्याच दिवशी दवाखाना. दंडात घ्यायची रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, कातडीत द्यायची ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते तिथे आहे का हे आधी फोन करून विचारा. सायकलची घट्ट लायक्रा पँट फाटली नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कापडाखाली ओरखडा उमटलेला असू शकतो.

रोज अशा रस्त्यांनी जाणाऱ्यांनी आधीच लस घेतलेली बरी: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, असे तीन डोस. त्यानंतर कधी चावलं तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो आणि कार्ड घरी कपाटात असतं.