गंभीर स्वाइन फ्लू आणि पुण्यातला एक आयसीयू : आमचा अनुभव

रुग्णालयाचं नाव देत नाही. पुण्यातलं, ट्रस्टचं, फार मोठं नाही. ऐन पावसाळ्यात माझ्या दादाला तिथल्या आयसीयूनं वाचवलं. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर नेमकं काय पाहायचं ते कळावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

निदान एच१एन१, आपण स्वाइन फ्लू म्हणतो तोच. २००९ मध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, ते जुन्या पुणेकरांना आठवत असेल. तो विषाणू गेलेला नाही. पावसाळ्यात आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. दादा ४४ वर्षांचा, शिरूरकडे खतांचं दुकान, वजन ११० किलो, त्यात मधुमेह. ताप अंगावर काढला, मग गावात सलाईन आणि अँटिबायोटिक. पुण्यात आणला तेव्हा धाप लागून एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं.

पहिल्याच रात्री आयसीयूच्या डॉक्टर वहिनीला आणि मला बाजूच्या खोलीत घेऊन बसल्या. उभ्याउभ्या सही मागितली नाही, यासाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. त्या म्हणाल्या, "ताई, वजन, शुगर आणि उशीर, हे तिन्ही यांच्या विरुद्ध आहे." ऑसेल्टामिविरच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरच्या, गोळ्या लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. उशिरा आलेल्या गंभीर पेशंटलाही त्या देतातच, पण गेलेला वेळ भरून निघत नाही. लठ्ठपणा हा या आजारातला मोठा धोका आहे हे २००९ च्या साथीत ठळकपणे समोर आलं, गरोदर बायकांचंही तसंच. आमच्या बाजूनं काय होतं तेही त्यांनी सांगितलं : किडनी चालू होती, बीपी टिकवायला औषध लागत नव्हतं. "फुप्फुसाबरोबर दुसरे अवयव बसायला लागले की कठीण होत जातं." आशा किती धरायची ते आम्हाला त्या एका वाक्यानं कळलं.

कोविडमध्ये दिलं ते स्टेरॉइड का देत नाही, असं मी विचारलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की कोविडमध्ये डेक्सामेथासोनचा फायदा मोठ्या चाचणीत सिद्ध झाला, फ्लूमध्ये तसा पुरावा नाही, उलट नुकसान होण्याची भीती आहे.

व्हेंटिलेटर लावला तेव्हा सिस्टर टेप घेऊन दादाची उंची मोजत होत्या. मला काही कळेना. नंतर समजलं की प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची ते उंचीवरून काढलेल्या वजनाप्रमाणे ठरतं, काट्यावरच्या वजनाप्रमाणे नाही. माणूस जाड झाला तरी फुप्फुसं मोठी होत नाहीत. किलोला साधारण ६ मिली. जास्त हवा भरली तर आजारी फुप्फुस आणखी फाटतं. आयसीयू चांगला आहे की नाही याची माझ्या लेखी यापेक्षा मोठी खूण नाही.

ऑक्सिजन तरीही सुधारेना, तेव्हा दादाला पालथं केलं. दिवसातले सोळा तास तसंच ठेवायचं. २०१३ मध्ये मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंत झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांमधले २८ दिवसांतले मृत्यू पालथं झोपवल्यानं सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ वर आले होते. यात महागडं यंत्र काहीच नाही, माणसं लागतात. एक जण नळी आणि डोकं धरून, बाकीचे दोन्ही बाजूंनी. ११० किलोचा देह, तोंडातली नळी, मानेतली लाइन, काहीही न निसटू देता तिथल्या सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) लोकांनी तो रोज उलटा-सुलटा केला. गालाखाली, गुडघ्यांखाली उशा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला रात्रीही स्वतंत्र सिस्टर होती. नवीन ठिकाणी गेलात तर मशीन कुठल्या कंपनीची ते विचारू नका, रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते विचारा.

बिलाचं थोडक्यात : दररोजचा हिशोब मागितला की मिळायचा, पण ग्लोव्हज, डायपर वगैरे मेडिक्लेमनं नाकारलं. ती तयारी ठेवा.

आता तक्रार. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांखेरीज काही नव्हतं. घरी आल्यावर दादाला पेला धरता येईना, जिना तर लांबच. रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायचा. वहिनीला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. आयसीयूतून वाचलेल्या कितीतरी जणांना स्नायूंचा अशक्तपणा, भास, विसराळूपणा असा त्रास होतो आणि तो महिनोन्‌महिने टिकू शकतो, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. इतकं जीव तोडून वाचवलेल्या माणसाच्या हातात व्यायामाचा एक कागद द्यायला हवा होता, आणि महिन्याभरानं परत बोलवायला हवं होतं. मी तसं लेखी कळवलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

उपचारांना पाचपैकी पाच, घरी पाठवण्याच्या पद्धतीला दोन. दादा आता सकाळचं दुकान उघडतो, दुपारी झोपतो. यंदा पावसाळ्याआधी आम्ही घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली, दादानं सर्वांत आधी.