गूगल स्कॉलर: शोधनिबंध हुडकणाऱ्याच्या नजरेतून

2004 मध्ये सुरू झालेली गूगल स्कॉलर ही विनामूल्य सेवा शोधनिबंध हुडकण्यासाठी मी नियमित वापरतो. तिचे खरे बळ शोधपेटीत नसून नोंदीखालच्या ‘साइटेड बाय’ या दुव्यात आहे, कारण एखादा जुना, भक्कम निबंध हाती लागला की त्याचा आधार पुढे कोणी घेतला, हे तिथून उलगडत जाते. सशुल्क निबंधाची लेखकाने किंवा विद्यापीठाने खुली केलेली प्रत ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये पुष्कळदा सापडते, पैसे भरण्याआधी तिथे डोकवावेच. संदर्भसंख्येला, म्हणजे निबंधाचा आधार कितींनी घेतला या आकड्याला, मात्र गुणवत्ता समजू नये, आणि तिथे आयता मिळणारा संदर्भ, म्हणजे निबंधाच्या लेखक-वर्षादी तपशिलांची तयार नोंद, मूळ निबंधाशी ताडून घ्यावा. मराठी नियतकालिकांतील जुन्या लेखांसाठी बहुधा ग्रंथालयाचीच पायरी चढावी लागते.