खडक, लाटा आणि तीन काळ्या काचा

गेले दीड वर्ष चुंबकाने लेन्सवर बसणाऱ्या एनडी (प्रकाश कमी करणाऱ्या काळ्या काचेच्या) फिल्टरांचा एक संच मी जवळजवळ एकाच कामासाठी वापरला आहे: खडकाळ किनाऱ्यावर लाटा आणि खडक यांची छायाचित्रे काढण्यासाठी. संचात ७७ मिलिमीटर व्यासाचे तीन, सहा आणि दहा स्टॉपचे (प्रत्येक स्टॉपमागे प्रकाश निम्मा होतो) एकेक एनडी फिल्टर, चकाकी काढणारा एक पोलरायझर, लेन्सच्या आट्यांवर कायमची बसवून ठेवायची धातूची कडी आणि कप्प्यांची कापडी थैली एवढे सामान येते. या बनावटीचे संच आता अनेक कंपन्या काढतात, त्यामुळे पुढील बरेचसे म्हणणे त्या साऱ्यांनाच लागू पडावे. जे दोष याच संचाचे आहेत, ते तसे नमूद केले आहेत.

संच घेताना माझे सगळे लक्ष दहा स्टॉपच्या काचेवर होते, आणि बहुतेकांचे तसेच होत असावे. ही काच प्रकाश सुमारे १,००० पट कमी करते. फिल्टरशिवाय १/३० सेकंदाचे असलेले एक्सपोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) तिच्यामुळे ३४ सेकंदांवर जाते आणि खवळलेला समुद्र खडकांभोवती पसरलेल्या धुक्यासारखा दिसू लागतो. पहिल्या काही फेऱ्यांत या जादूने मी हरखून गेलो. पुढे एकदा ती सगळी छायाचित्रे ओळीने पाहिली, तेव्हा ती एकसारखी दिसत असल्याचे ध्यानात आले. याचे कारण साधे आहे. अर्ध्या मिनिटात चार-पाच लाटा येऊन जातात आणि प्रत्येक लाट आधीचीचा आकार पुसते. लाटेचा कणा, तिचा फुटण्याचा क्षण, चिरेतून उलट ओघळणारे पाणी, यांतले काहीच उरत नाही. पाण्यातून एकटाच वर आलेला सुळका, समुद्राने कोरलेली कमान किंवा षटकोनी स्तंभांची बेसाल्टची रांग समोर असेल, तर हे धुके खडकाचा आकार उठावदार करते आणि तिथे या काचेला पर्याय नाही. पण जिथे खडक आणि पाणी यांची झटापट हाच विषय आहे, तिथे ती झटापटच नाहीशी होते.

खरे काम केले ते तीन आणि सहा स्टॉपच्या काचांनी. तीन स्टॉपची काच प्रकाश आठ पट कमी करते, म्हणजे संधिप्रकाशातील १/१५ सेकंदाचे एक्सपोजर सुमारे अर्ध्या सेकंदाचे होते. सूर्य थोडा वर आला की सहा स्टॉपची, ६४ पट कमी करणारी काच १/६० सेकंदाला साधारण एका सेकंदावर नेते. पाव सेकंद ते एक सेकंद ही पट्टी लाटांसाठी किती मोलाची आहे, ते एका कोपऱ्यात ट्रायपॉड रोवून तासभर थांबल्यावर कळले. समोर हातभर रुंदीची एक चीर होती. लाट आली की ती काठोकाठ भरायची, फेस वर उसळायचा आणि मग तीन पायऱ्यांवरून खाली परतायचा. लाट आदळताना शटर दाबले की नुसता पांढरा भपका येई. आदळून पाणी माघारी फिरू लागल्यानंतर दाबले की फेसाचा प्रत्येक ठिपका एक रेघ ओढी आणि त्या रेघांमधून काळ्या दगडाचा उतार वाचता येई. दोन सेकंदांवर त्याच रेघा एकमेकींत मिसळून दुधाचा ओघळ झाला.

एवढ्यासाठी फिल्टर कशाला, ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) आणखी लहान करून भागेल, असे कोणी म्हणेल. पण ॲपर्चर एफ/१६ हून लहान केले की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडू लागतो, आणि खडकाच्या छायाचित्रात तपशील गेला की राहिले काय? फिरवून गडद करता येणारा व्हेरिएबल एनडी हा दुसरा पर्याय. पण त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर असतात आणि वाइड लेन्सवर जास्त गडद केला की आकाशात फुलीसारखा काळा डाग उमटतो. स्वतंत्र काचांचा हा संच त्या त्रासापासून मुक्त आहे.

पोलरायझर चांगला आहे, मात्र जपून वापरावा. ओल्या खडकावरील चकाकी तो काढतो; पाण्याच्या पृष्ठभागाच्या लंबरेषेशी साधारण ५३ अंशांच्या कोनात त्याचा परिणाम सर्वाधिक असतो आणि डबक्याच्या तळाचे शेवाळ स्वच्छ दिसते. पण काळ्या खडकाला घडण येते ती बहुधा त्या चकाकीमुळेच. ती पूर्ण काढली की खडक कोळशाच्या ढिगासारखा निर्जीव दिसतो, म्हणून मी तो अर्धाच फिरवतो.

आता चुंबकाविषयी. वाऱ्यात, ओल्या बोटांनी आटे जुळवण्याची कटकट संपते, हा लाभ मोठा आहे. दहा स्टॉपच्या काचेआडून फोकस करणे अवघड असल्याने आधी फोकस करून मग फिल्टर लावावा लागतो. इथे काही फिरवायचे नसल्याने लावलेला फोकस हलत नाही. परंतु चुंबकाची पकड सरळ ओढीला जितकी घट्ट आहे तितकी बाजूच्या धक्क्याला नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा हिसका बसून सहा स्टॉपची काच एकदा दोन खडकांच्या फटीत गेली. ओहोटी लागेपर्यंत थांबून ती काढली, तेव्हा कड टवका जाऊन खरवडली होती.

दुसरी अडचण कुठल्याही माहितीपत्रकात दिसली नाही. काळ्या वाळूत अनेकदा मॅग्नेटाइटचे कण असतात आणि ते चुंबकी कडीला दाढीसारखे चिकटतात. फुंकून ते जात नाहीत, पुसले तर काचेवर येतात. चिकटपट्टीने टिपून घेणे हाच मला सापडलेला उपाय.

काचेवरील लेप उत्तम आहे. तुषार थेंब होऊन ओघळतात आणि सूर्य समोर असताना हे फार उपयोगी पडते, कारण लहान ॲपर्चरवर एकेक थेंब छायाचित्रात गोल डाग होऊन दिसतो. तुषार वाळले असतील तर मात्र कोरड्या कापडाने पुसू नये. मिठाचे स्फटिक लेपावर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने धुवावे.

रंगाच्या बाबतीत तीन आणि सहा स्टॉपच्या काचा जवळजवळ तटस्थ आहेत. दहा स्टॉपची तांबूस झुकते. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत) व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बदलून पाणी सुधारते, पण काळ्या खडकाच्या सावल्यांत तपकिरी छटा रेंगाळते. त्यात, वाळूवर ट्रायपॉड असेल तर परतणारे पाणी पायांखालची वाळू ओढून नेते, आणि ३४ सेकंदांत केसभर खचलेला ट्रायपॉडही सारी मेहनत वाया घालवतो.

संचात ग्रॅज्युएटेड (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) फिल्टर नाही, याची मला खंत वाटली नाही. क्षितिज सुळक्यांनी तोडलेले असताना अशा फिल्टरची गडद कड सुळक्यांचे माथेही काळे करते. आकाश आणि पाणी यांची दोन एक्सपोजर घेऊन जोडणे बरे; फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात सागरी दृश्यांसाठी दोन निगेटिव्ह जोडण्याची हीच युक्ती केली होती.

थैलीबद्दल मात्र तक्रार आहे. कप्प्यांवर खुणा नाहीत, कडेवरची बारीक पांढरी अक्षरे वर्षभरात झिजली, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात सहा आणि दहा स्टॉपच्या काचा सारख्याच काळ्या दिसतात. मी कप्प्यांवर रंगीत दोऱ्याचे टाके घातले आहेत. कड्या सुट्या विकत मिळतात तशाच काचाही मिळतात, म्हणून टवका गेलेल्या काचेला जोड म्हणून सहा स्टॉपची आणखी एक घेतली. दहा स्टॉपची गेले चार महिने घरीच आहे.