कॅनन एलबीपी २९००बी : विंडोजवर गुणी, लिनक्सवर अडेलतट्टू

इंदुरात जुना लेझर प्रिंटर शोधायला निघालात तर दोन नावं पुन्हा पुन्हा कानावर येतील: एचपी १०२० आणि कॅनन २९००बी. त्यातला कॅनन एमपी ऑनलाइनच्या (मध्य प्रदेश सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या) कियोस्कपासून वकिलाच्या टेबलापर्यंत कुठेही शोभतो. मिनिटाला १२ पानं, १५० कागदांचा ट्रे. पाठपोट छापायचं तर कागद हातानेच उलटायचा. ३०३ नंबरचं कार्ट्रिज साधारण २,००० पानं देतं. त्यावर चिप नाही आणि सांगाडा एचपीच्या १२एचाच, त्यामुळे रिफिल करणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. सेकंडहँड घेताना दोन-तीन पानं काढून पाहा. तोच डाग दर ७५ मिलिमीटरवर परत उमटत असेल तर खराबी ड्रमची. कार्ट्रिज बदललं की भागतं, त्यासाठी व्यवहार मोडू नका.

हे सगळं विंडोजवाल्यांसाठी. घरी विंडोजऐवजी उबंटू किंवा मिंट, म्हणजे लिनक्सचा एखादा अवतार असेल तर खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा. दुकानदाराला ‘लिनक्स पे चलेगा?’ विचारल्यावर ‘सब पे चलता है’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते देणाऱ्याने बहुधा कधी लावून पाहिलेलं नसतं.

या यंत्रात मेमरी आहे २ एमबी. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या प्रचलित भाषा समजून घेणारा मेंदू त्यात बसवलेलाच नाही. पानाचं ठिपक्यांचं चित्र संगणकाने काढायचं, ते आवळायचं आणि कॅप्ट नावाच्या कॅननच्या घरगुती बोलीत पाठवायचं. कागद संपला, झाकण उघडं राहिलं, हेही प्रिंटर त्याच बोलीत सांगतो. तिचं व्याकरण कंपनीने जाहीर केलेलं नाही. प्रिंटर स्वस्त झाला तो अर्धं काम तुमच्या प्रोसेसरवर ढकलून.

कॅननने लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, आवृत्ती २.७१ पर्यंत. पण त्याचे महत्त्वाचे भाग ३२ बिटचे. म्हणून ६४ बिटच्या उबंटूत आधी आय३८६ (३२ बिटचं) आर्किटेक्चर जोडून ३२ बिटच्या लायब्ररी घ्याव्या लागतात. मग कॉमन नावाचं पॅकेज, त्यानंतर कॅप्टचं. क्रम उलटा केला की अडतं. पुढे कप्समध्ये, म्हणजे लिनक्सची छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीत, क्यू (छपाईच्या कामांची रांग) बनवायची, तिचा पत्ता लोकलहोस्टवरचा ५९६८७ हा पोर्ट. सीसीपीडीअॅडमिन या आज्ञेने ती क्यू यूएसबीच्या एलपी० या डिव्हाइस फाइलला बांधायची आणि शेवटी सीसीपीडी ही प्रिंटरशी बोलणारी कॅननची सेवा सुरू करायची. सेवेचं स्टेटस विचारल्यावर दोन प्रोसेस क्रमांक दिसायला हवेत. एकच दिसला तर पान निघणार नाही, कितीही वेळा प्रिंट दाबा.

एवढं करूनही घोळ होतातच. केबल काढून लावली की एलपी०चं एलपी१ होऊ शकतं. त्यावर यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहून नाव पक्कं करणं हाच उपाय. कप्स आपणहून दुसरी क्यू उभी करतो आणि त्यात टाकलेलं काम गडप होतं. ती क्यू काढून टाका. सेवेची स्क्रिप्ट सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या आजच्या यंत्रणेच्या) आधीच्या काळातली, त्यामुळे मशीन रीस्टार्ट केल्यावर ती उठेलच असं नाही. रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर तर हे पॅकेज चालणारच नाही, ते इंटेल-एएमडीपुरतंच बांधलेलं आहे. कोणीतरी चिकाटीने बोली उलगडून लिहिलेला कॅप्टड्रायव्हर तिथे कंपाइल करता येतो, पण तो अजून कच्चा आहे. रोजची छपाई असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज ठेवून यूएसबी तिकडे वळवणं कमी डोकेदुखीचं.

एचपी १०२०ची तऱ्हा निराळी. दर वेळी चालू केल्यावर त्याला संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, पाजावं लागतं. एचपीलिप हे लिनक्ससाठीचं एचपीचं ड्रायव्हर पॅकेज अपडेट झालं की त्याचा बंदिस्त प्लगिनही त्याच आवृत्तीचा पुन्हा घ्यावा लागतो, नाहीतर काल चालणारा प्रिंटर आज गप्प.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हिशोब सरळ आहे. जगभरातल्या डेस्कटॉपांत लिनक्सचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या घरात. तेवढ्यांसाठी डेबियन, फेडोरा, आर्च अशा लिनक्सच्या सगळ्या अवतारांवर तपासणी करायची, दर सहा महिन्यांनी येणाऱ्या उबंटूबरोबर ती पुन्हा करायची, वर हेल्पलाइनच्या माणसांना शिकवायचं. ड्रायव्हरमध्ये दुसऱ्या कंपनीचा परवान्यावर घेतलेला कोड असला तर तो उघडाही करता येत नाही. शिवाय आपल्याकडे कार्ट्रिजचे पैसे रिफिलवाल्याच्या गल्ल्यात जातात. एकदाच विकलेल्या यंत्रावर दहा वर्षं खर्च कोण करणार?

कोंडी फुटली ती फोनमुळे. फोनमध्ये दर मॉडेलचा ड्रायव्हर कुठे टाकणार? २०१०मध्ये अॅपलने वेगळा ड्रायव्हर न टाकता छापू देणारं एअरप्रिंट आणलं आणि पान समजून घेण्याचं काम परत प्रिंटरवर आलं. अॅपल २००२पासून मॅकमध्ये कप्सच वापरत होती, २००७मध्ये तिने कप्स विकत घेतलं, आणि लिनक्समध्येही छपाई कप्सच सांभाळतं. २०१३चं आयपीपी एव्हरीव्हेअर हे ड्रायव्हरविना छपाईचं खुलं मानक त्याच घराण्यातलं. लिनक्सवाल्यांसाठी कोणी बोट हलवलं नाही. आयफोनवाल्यांच्या पंगतीत आपलंही पान वाढलं गेलं.

तेव्हा इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये नवा प्रिंटर पाहताना खोक्यावर पेंग्विन (लिनक्सचं चिन्ह) शोधू नका, एअरप्रिंट शोधा. माहितीपत्रकातल्या ‘प्रिंटर लँग्वेज’च्या ओळीत पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर उत्तम, एअरप्रिंट नसून नुसतं कॅप्ट, जीडीआय किंवा होस्ट-बेस्ड (सगळं काम संगणकावर ढकलणारं) असेल तर पुढच्या दुकानात जा. घरी जोडल्यावर प्रिंटर यादीत दिसला नाही तर आधी राउटर तपासा: स्वस्त मॉडेलं बहुधा २.४ गिगाहर्ट्झच पकडतात, आणि गेस्ट नेटवर्कवर किंवा एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी राउटरची सेटिंग) चालू असताना लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही.