टोरेंट स्लो आहे म्हणून ‘सपोर्ट’ला फोन केला आणि ४७,७०८ रुपये घालवले

हे लिहायला मला सतरा दिवस लागले. पैसे गेल्याचा चटका चार दिवसांत कमी झाला, लाज मात्र अजून जात नाही. कारण मी शाळेत संगणक शिकवतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा तक्ता आमच्या लॅबच्या भिंतीवर आहे, आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. लॅबमधले सहा संगणक इतके जुने की विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, आणि नवे घ्यायचे म्हटलं की संस्थेचे लोक छताकडे बघायला लागतात. म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकू. फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं पळतं. फाईल साधारण २.९ जीबीची. मिंटवाले स्वतःच अधिकृत टोरेंट देतात (फाईल अनेकांकडून तुकड्यातुकड्याने घ्यायची सोय), म्हणून घरच्या लॅपटॉपवर ट्रान्समिशन हे टोरेंट उतरवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि डाऊनलोड लावलं. हे सगळं मुद्दाम सांगतोय. पोलीस ठाण्यात काय झालं ते पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल.

वेग किती मिळाला? सेकंदाला ५० केबी. माझं कनेक्शन ६० एमबीपीएसचं. आठाने भागा, सेकंदाला साडेसात एमबी व्हायला हवेत, म्हणजे सहा-सात मिनिटांत फाईल खाली. ५० केबीने तीच फाईल सोळा तास घेणार होती. मी राउटर बंद-चालू केला, वाय-फाय सोडून केबल लावली, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद केला. सीड, म्हणजे पूर्ण फाईल जवळ असलेले देणारे, शेकड्याने दिसत होते, त्यांची वाण नव्हती. आकडा तरी ५० चा ५०.

इथेच माझी पहिली चूक. वेग खरंच कमी असतो तेव्हा तो हलतो. ३० होतो, ९० होतो, मध्येच शून्यावर येतो. ५० वर खिळा ठोकल्यासारखा उभा राहत नाही. आकडा असा एका जागी बसला की समजायचं, कुठेतरी मर्यादा लावलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती आपणच लावलेली असते. नववीच्या पोरांना मी हे सांगू शकलो असतो. शनिवारी संध्याकाळी दमून बसलेल्या मला मात्र सुचलं नाही.

मग इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर एक ‘सपोर्ट’ आला, नंबरासकट. वर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हल्ली चांगल्या कंपन्याही जाहिरात देतात, नाही का? ७:५० ला फोन लावला. आता विचार करा, ट्रान्समिशन हे फुकटचं सॉफ्टवेअर, जगभरचे हौशी प्रोग्रॅमर आपल्या वेळात ते लिहितात. त्यांचं कॉल सेंटर कुठून असणार? फुकटच्या सॉफ्टवेअरला टोल फ्री नंबर असेल तर तो नंबर चोराचा. एवढं एक वाक्य जरी त्या वेळी डोक्यात आलं असतं!

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, अतिशय अदबशीर. ‘सरजी’शिवाय वाक्य नाही. लॅपटॉपवर एनीडेस्क टाकायला सांगितलं, म्हणजे आपली स्क्रीन लांबून दुसऱ्याला बघू आणि चालवू देणारं ॲप. टाकलं. ‘वाय-फाय का चॅनल चेक करना है’ म्हणून मोबाईलवरही टाकायला लावलं. तेही टाकलं. आरबीआयने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या प्रकाराबद्दल सावध केलं होतं, एनीडेस्कचं नाव घेऊन. मी त्या वेळी ती बातमी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती.

आता जे सांगतो ते मला रात्री झोपू देत नाही.

त्याने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि नेटस्टॅट टाईप केलं, म्हणजे संगणकाच्या चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा. ओळींमागून ओळी सरकल्या. एका रकान्याचं नाव ‘फॉरेन ॲड्रेस’, त्याखाली वेगवेगळे आयपी (इंटरनेटवरचे आकडी पत्ते), आणि पुढे प्रत्येक ओळीला ‘एस्टॅब्लिश्ड’. त्याने माझाच माऊस त्या रकान्यावर गोल गोल फिरवला. ‘देखिए सरजी, ये सब फॉरेन के लोग आपके कंप्यूटर में घुसे हुए हैं। इसीलिए स्पीड नहीं आ रही।’

फॉरेन ॲड्रेस म्हणजे परदेश नव्हे हो. समोरच्या टोकाचा पत्ता, बस. शेजारच्या खोलीतला प्रिंटरसुद्धा त्याच रकान्यात दिसतो. आणि टोरेंट चालू असताना तिथे पन्नास पत्ते दिसणारच, कारण टोरेंट म्हणजेच ते. एका सर्व्हरकडून फाईल न घेता शंभर जणांकडून तुकडे गोळा करायचे आणि आपल्याकडचे तुकडे इतरांना द्यायचे. त्या यादीत कित्येक पत्त्यांच्या शेवटी ५१४१३ होतं. तो ट्रान्समिशनचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक. म्हणजे तो मला ज्यांना घुसखोर म्हणून दाखवत होता, ते माझ्यासारखेच लोक होते आणि मला फुकटात मिंट देत होते. मला हे त्या क्षणी माहीत होतं. ५१४१३ डोळ्यांनी वाचलं मी. आणि तोंडातून काय निघालं? ‘अच्छा.’

का गप्प बसलो? कारण लगेच तो म्हणाला, ‘सरजी, टोरेंट इल्लीगल है, आपका आयपी रिकॉर्ड हो गया है।’ टोरेंट बेकायदा नाही, चोरीचा माल उतरवणं बेकायदा आहे, हेही मला ठाऊक. पण शाळेचा माणूस, त्यात आमची संस्था. नाव कुठे यायला नको, एवढंच डोक्यात बसलं. भीती घातली की शहाणपण पाय लावून पळतं. तुम्हाला वाटतंय तुमचं नाही पळणार. वाटू दे.

पुढचं भराभर सांगतो. ‘पोर्ट ओपनिंग फी’ म्हणून ४९९ रुपये, क्यूआरवर, ८:१२ ला. त्याने काहीतरी खटपट केल्यासारखं केलं आणि ‘फास्ट पोर्ट लायसन्स’ काढलं, वर्षाचे २,००० अधिक जीएसटी, २,३६०. जीएसटी लावला म्हणून मला ते खरं वाटलं! ते डेबिट कार्डाने भरले, लॅपटॉपवर, त्याच्या डोळ्यांदेखत. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं टाईप केलं. ८:४१.

पोर्ट उघडायचं म्हणाल तर ते राउटरच्या पानावर आपलं आपल्याला करता येतं, एक रुपया लागत नाही. आणि राउटरवरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर केबलवाल्याने तुम्हाला इतर गिऱ्हाइकांबरोबर एकाच आयपीमागे बसवलंय. मग पोर्ट कुणाच्या बापाला उघडत नाही, सार्वजनिक आयपी केबलवाल्याकडेच मागावा लागतो. शिवाय पोर्ट बंद असला तरी सीड भरपूर असतील तर फाईल व्यवस्थित उतरते, कारण आपण बाहेर जोडणी करू शकतोच. ‘लायसन्स’ नावाची भानगड टोरेंटमध्ये कुठेच नाही. ‘स्पीड बूस्टर’ पण नाही.

मग तो म्हणाला, स्कॅन चालू आहे, मोबाईल टेबलावर ठेवा, हात लावू नका. मी ठेवला. स्क्रीन काळी झाली होती. ९:१९ ला टिंग वाजलं. मी तरी बसूनच. तीन मिनिटांनी बायको म्हणाली, ‘अहो, मेसेज बघा की, बँकेचा असेल.’ २४,९९९ रुपये गेले होते.

हे पहा, मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. एकदाही नाही. तो मोबाईलवर आला आणि त्यांनी एनीडेस्कमधून वाचला. पण बँकेच्या फॉर्मवर रकाने दोनच: ‘ओटीपी शेअर केला होता का? हो / नाही.’ मी ‘नाही’वर खूण केली तर काउंटरवरची मॅडम म्हणते, मग व्यवहार झालाच कसा? ‘हो’ केलं तर निष्काळजीपणा माझा, विषय संपला.

९:२४ ला बँकेच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी एक दाबा. कार्डासाठी तीन दाबा. कार्ड हरवलं असल्यास दोन. कार्ड हरवलं नाही हो, पैसे हरवले, त्याला कुठलं बटण? मग गाणं. मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. ९:३१ ला, मी ते गाणं ऐकत असताना, आणखी १९,८५० गेले. त्याच कार्डावरून. माणूस बोलायला आला ९:४० ला.

यात माझीही एक घोडचूक आहे, तीही सांगून टाकतो. फोन मी त्याच मोबाईलवरून केला, एनीडेस्क चालू असताना. दुसरा ओटीपी त्यांनी तसाच वाचला. आधी वाय-फाय आणि डेटा बंद करायचा, मग फोन. घरात दुसरा मोबाईल असेल तर त्यावरून. पण घाबरलेल्या माणसाला क्रम आठवत नाही, म्हणून आत्ताच पाठ करून ठेवा.

आरबीआयने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. मग १९,८५० कुणाचे? बँक म्हणते, तुम्ही कळवलं ९:४० ला. मी म्हणतो ९:२४ ला, हा बघा कॉलचा स्क्रीनशॉट. बँक म्हणते, कॉल लागला म्हणजे कळवलं असं होत नाही. म्हणजे गाणं तुमचं, वेळ तुमची, आणि तोटा माझा! चार अर्ज दिले. तीन अर्जांचं उत्तर एकच, शब्दाला शब्द, फक्त तारीख बदललेली. चौथ्यात माझं आडनाव चुकलंय.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन त्याच रात्री लागला, सहाव्या प्रयत्नात. तिथल्या मुलीने मात्र नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. तेवढंच. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. हवालदारांनी विचारलं, काय करत होता? म्हटलं, टोरेंटवरून लिनक्स उतरवत होतो. त्यांनी शेजारच्याकडे बघितलं, दोघं हसले. ‘गुरुजी, टोरेंट म्हणजे पिक्चर ना?’ मी दहा मिनिटं ऑपरेटिंग सिस्टीम समजावली. मान हलवत लिहून घेतलं. वाचायला दिलं तर त्यात होतं: ‘अर्जदार हे ऑनलाईन सिनेमा डाऊनलोड करीत असताना’. मी म्हटलं, हे खोडा. ते म्हणाले, त्याने काय फरक पडतो? अहो, मी शाळेत नोकरी करतो, फरक पडतो! शेवटी पान फाडून परत लिहिलं, आणि त्यासाठी मला एक तास बाकावर बसवलं. मग म्हणाले, हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. एसटीने सव्वा तास. तिथे म्हणाले, ठाण्याचं पत्र आणलं का? परत सव्वा तास. पत्र देणारे साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या फेरीला तक्रार घेतली. ४९९ ज्या खात्यात गेले त्यातले ३१२ रुपये गोठवलेत म्हणे. ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. ३१२ रुपयांसाठी वकील करू का?

काहीही लिहून दिलं की वाचल्याशिवाय सही करू नका. आणि दर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे हेच शिक्के लागतात.

आता त्या ५० केबीचं रहस्य, कासव. लॅपटॉप फॉरमॅट करून पुढच्या आठवड्यात शाळेत नेला. ट्रान्समिशनची सेटिंग मी जपून ठेवली होती, ती परत टाकली. परत ५० केबी. नववीतली एक मुलगी मागे उभी होती. म्हणाली, ‘सर, ते कासव निळं का आहे?’

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात कासवाचं एवढंसं चित्र असतं. ते दाबलं की पर्यायी वेगमर्यादा लागू होते, आणि ती मुळातच ५० केबीवर ठेवलेली असते. केव्हातरी माझा हात लागला असणार. तिने दाबलं. कासव करडं झालं, वेग बघता बघता सहा एमबीवर गेला, आणि तास संपायच्या आत फाईल उतरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसायला वळलो.

तर वेग कमी वाटला की आधी खालचे कोपरे बघा. मग सीड किती ते बघा. अपलोड अमर्याद सोडू नका, लाईन तुंबते आणि डाऊनलोडही मरतं. शून्यही करू नका, देणाऱ्याला टोरेंटमध्ये लवकर मिळतं. आणि तरी काही जमलं नाही तर सोळा तास थांबा. रात्रभर चालू ठेवा आणि झोपा. मी थांबलो असतो तर रविवारी दुपारी मिंट हातात होतं.

काल बँकेचा मेसेज आला. ब्लॉक केलेल्या कार्डाच्या जागी नवीन कार्ड दिल्याबद्दल २३६ रुपये खात्यातून कापले आहेत. म्हणजे आकडा आता ४७,९४४.