एचटूएस बाटली: विहिरीला चांगली, नदीला तोकडी

१९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेली, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळलाय का हे बाटलीतच दाखवणारी ही चाचणी आजही गावोगावच्या जलसुरक्षकाच्या पिशवीत असते. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू बाटलीतल्या माध्यमातल्या थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) वायू बनवतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं.

खुणेपर्यंत २० मिली पाणी भरा, झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका, हलवून ३० ते ३७ अंशांत ठेवा. २४ तासांनी बघा, पुन्हा ४८ तासांनी बघा. घाटमाथ्यावरच्या थंडीत बाटली खिडकीत ठेवली तर जंतू असूनही वेळेत काळी होत नाही. उलट, कुजक्या अंड्याचा वास येणाऱ्या बोअरचं पाणी मैला नसतानाही काळं होऊ शकतं.

विहीर आणि झऱ्याला ही बाटली उत्तम. कोकणातल्या जांभ्यात पाणी झरझर मुरतं, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसानंतरचा नमुना चुकवू नका. तो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधीच घ्या. नंतर घेतलेल्या नमुन्यावर ‘योग्य’ शेरा मिळवणं सोपं, पण स्रोताबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, अट १०० मिलीत ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) नको अशी आहे. २० मिली काळं झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

नदीचं पाणलोट तपासताना मात्र पंचाईत होते. पावसाळ्यात सगळ्याच बाटल्या काळ्या! मग पाणी पातळ करावं लागतं: २ मिली नदीचं, १८ मिली उकळून गार केलेलं, त्यातलं २ मिली घेऊन पुन्हा तसंच. म्हणजे दहापट आणि शंभरपट. सोबत तुलनेसाठी नुसत्या उकळलेल्या पाण्याची एक बाटली हवीच. एकाच सकाळी नाला मिळतो त्याच्या वर, खाली आणि जॅकवेलपाशी (नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीपाशी) नमुने घ्या. शंभरपटीत वरची बाटली स्वच्छ आणि खालची काळी निघाली, तर नाल्यावर संशय धरून वर चढत जा: शौचालयाचे खड्डे, गोठे, काठावरचे उकिरडे. एका फेरीवर मात्र निकाल देऊ नका. नायट्रेट, कीटकनाशकं यांबद्दल बाटली मुकीच.

विहिरीसाठी बाटलीला पाचपैकी चार गुण, नदीसाठी दोन. घेताना मुदत तपासा, आतलं माध्यम आधीच काळपटलेलं असेल तर परत करा. वापरलेल्या बाटलीत वाढवलेले जंतू असतात. ब्लीचिंगचं द्रावण ओतून तासभर ठेवा, मगच पाण्यापासून लांब खड्ड्यात रिकामी करा.